अठराव्या दिवशी कोंबडी रवणीवरून उठली. काय चुकलं?

पडवीतली (कणकवली तालुका), १६ एप्रिल

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचून जाते. आज सकाळी सहा अंडी फणसाच्या मुळात पुरून आले आणि तेव्हापासून कशात मन नाही, म्हणून विचारते.

आधी हिशेब. मुंबईत सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले, ती खोड गेली नाही. कोंबड्यांचीसुद्धा वही घातली आहे. एक कोंबडा, सहा कोंबड्या, सगळी गावठी. त्यातली शेवंती वजनाला जेमतेम सव्वा किलो, पण रवणीला बसावं तर तिनेच. मागच्या दोन खेपांना अकरा-अकरा अंडी ठेवली होती. एकदा ९ पिल्लं निघाली, एकदा ८.

यंदा २० मार्चला ती खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली. अंग फुगवून बसायची, हात नेला की गुरगुरायची. चार दिवस थांबून २४ मार्चला संध्याकाळी पडवीच्या कोपऱ्यात टोपलीत बसवली. खाली राख, वर भाताचं गवत, त्यावर १३ अंडी. याआधी ती आंब्याच्या लाकडी पेटीत बसायची, पण यंदा पेट्या सगळ्या आंब्याला लागल्या, म्हणून शेजारच्या काकींकडून बांबूची टोपली मागून आणली.

१ एप्रिलला रात्री मोबाइलच्या उजेडात अंडी पाहिली. अकरांत शिरांचं जाळं छान दिसलं, दोन वांझ निघाली, ती काढली. इथपर्यंत सगळं बरोबर.

त्यानंतर तिचं काहीतरी बिनसलं. एरवी दिवसातून एकदा उठायची, दाणे टिपून, पाणी पिऊन, मातीत दोन गिरक्या मारून पंधरा-वीस मिनिटांत परत. यंदा तीन-तीनदा उठायला लागली. टोपलीत बसली तरी सारखी मान वळवून पोटाखाली चोच मारायची. तुराही फिका पडला होता. मी म्हटलं, उकाडा आहे. मग १२ तारखेला पहाटे पाचला दार उघडलं तर बाईसाहेब पडवीच्या कठड्यावर उभ्या आणि अंडी गार.

धावाधाव करून बुटांच्या खोक्यात कापूस घातला, वर ४० वॅटचा बल्ब लावला. १४ तारखेला पाच अंड्यांना टोचा पडला. तीन पिल्लं बाहेर आली. दोन आतूनच चिवचिवत राहिली आणि दिवेलागणीपर्यंत गप्प झाली. बाकीच्या सहांत हालचाल नव्हती. आज फोडून पाहिली. चारांत पिल्लू पूर्ण तयार होतं, पिसांसकट. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

सासूबाईंचा निकाल कधीच लागला आहे. ८ तारखेला वळवाचा पाऊस झाला तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, "गडगडलां मा, अंडी बाटली ती. टाकून दी." गडगडाट बाधू नये म्हणून टोपलीत लोखंड ठेवायचं असतं, ते मी विसरले, हा माझ्यावरचा ठपका.

तर प्रश्न असे. शेवंती का उठली? तीन पिल्लं बल्बखाली आहेत, ती जवळ नेली तर शेवंती टोचते, त्यांचं काय करू? आणि हिला पुढे परत बसवायची की नाही?

ता. क. उत्तराला उशीर झाला तर रागावू नका. हातांवर आणि मानेवर घामोळं उठलं आहे, रात्र खाजवण्यात जाते.


डालगं (फलटण), १६ एप्रिल

साप. शंभर टक्के साप. आमच्याकडं धामण आली की कोंबड्या अशाच उठून वर चढून बसतात. पडवीत उंदीर असतील तर धामण असणारच. टोपली भिंतीपासून लांब घ्या.


मशीनवाला (संगमनेर), १६ एप्रिल

ताई, कोंबडीच्या मनावर धंदा कशाला ठेवता? थर्मोकोलच्या पेटीत थर्मोस्टॅट, पंखा आणि दोन बल्ब लावून घरच्या घरी मशीन होतं. तापमान ३७.५ ठेवायचं, दिवसातून चार-पाच वेळा अंडी फिरवायची आणि अठराव्या दिवसापासून हात लावायचा नाही. मी दर महिन्याला लावतो. मशीन रुसत नाही आणि कठड्यावर जाऊन उभंही राहत नाही.


पडवीतली, १६ एप्रिल, दुपारी

डालगं, साप मीही आधी धरला होता. पण अंडी मोजून अकराच्या अकरा होती. साप आला असता तर एखादं तरी गेलं असतं ना? आणि बाकीच्या पाच कोंबड्या खुराड्यात गपगार होत्या. साप दिसला की त्या अख्खी वाडी उठवतात.

मशीनवाले दादा, आमच्याकडे वळीव सुरू झाला की वीज दिवसातून चारदा जाते. तुमचं मशीन रुसत नाही, पण आमचा ट्रान्सफॉर्मर रुसतो.


जुना पशुधनवाला (सांगली जिल्हा), १६ एप्रिल, रात्री

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय, फक्त चार वेगवेगळ्या ओळींत.

मी एकतीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून गावं फिरलो. गायी-म्हशींसाठी बोलावणं यायचं आणि निघताना घरातली आजी हळूच म्हणायची, "साहेब, कोंबडीकडंबी जरा बघता का?" त्यामुळं अशा खुडूक पुष्कळ पाहिल्यात.

सव्वा किलोची कोंबडी अठरा दिवस अंडी धरून बसते, अर्धपोटी राहते आणि तीन दिवस उरले असताना उठते. हे रुसणं नव्हे. तिला तिथं बसवेना झालं, एवढाच अर्थ. आता तुमच्या ओळी बघा. मान वळवून पोटाखाली टोचत होती. तुरा फिका पडला. टोपली दुसऱ्याकडची. आणि तुमचं "घामोळं" हातावर आणि मानेवर. अंडी बघताना, कोंबडी उचलताना तुमचं काय काय तिला लागत होतं? हात आणि मान.

माझा संशय रात्रीच्या किड्यावर आहे. माइट म्हणतात त्याला. गावोगावी नाव वेगळं, कुणी पिसवा म्हणतं, कुणी लिखा, पण पिसू उडी मारते आणि हा सरपटतो. एक मिलिमीटरपेक्षाही लहान. उपाशी असला की करडा दिसतो, रक्त प्यायला की लाल. याची एक जात दिवसभर बांबूच्या विणीत, लाकडाच्या फटीत, खिळ्याच्या भोकात दडून राहते आणि अंधार पडला की कोंबडीवर चढते. म्हणून दिवसा कोंबडी तपासली तर हाताला काही लागत नाही. दुसरी एक जात कोंबडीच्या अंगावर आणि घरट्यात कायम राहते, ती शेपटीखाली, गुदाभोवती सापडते. उवा वेगळ्या. त्या पिसं आणि कातडी कुरतडतात, त्यानं कोंबडी अशी पांढरी पडत नाही.

खुडूक कोंबडी म्हणजे या किड्याला मांडून ठेवलेलं ताट. इतर कोंबड्या दिवसभर धुळीत लोळून अंग झाडतात. ही एकाच जागी, उबदार, तीन आठवडे. उन्हाळ्यात याची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. तुम्ही बसवली तेव्हा टोपलीत पन्नास असतील, तर अठराव्या दिवसापर्यंत किती झाले असतील याचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल. आणि हा किडा उपाशीपोटी कित्येक महिने तग धरतो. टोपली रिकामी टांगून ठेवली होती म्हणून ती स्वच्छ, असं धरू नका.

पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका, बघा. आज टोपली आहे तिथंच राहू द्या. रात्री दहानंतर टॉर्च आणि पांढरं फडकं घेऊन जा. टोपलीच्या काठाखाली आणि तळाच्या विणीवर फडकं दाबून पुसा. मग खुराड्यात कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खालच्या बाजूला तेच करा. फडक्यावर लाल उमटलं की समजा.

गडगडाटानं अंडी मरत नाहीत. सासूबाईंना हे सांगू नका, त्यांचा उपाय निरुपद्रवी आहे.

अंडी गार पडूनही तीन पिल्लं कशी निघाली याचं नवल वाटलं असेल तर सांगतो. अठराव्या दिवशी पिल्लू स्वतःची थोडी ऊब तयार करत असतं, त्यामुळं कोकणातल्या एप्रिलच्या रात्रीत ते काही तास निभावतं.  टोचा पाडून आत गेली ती दोन मात्र बल्बमुळं गेली असावीत. उष्णता होती, ओल नव्हती. शेवटच्या तीन दिवसांत हवेत दमटपणा जास्त लागतो. नाहीतर आतला पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो आणि त्याला फिरताच येत नाही. खोक्यात एक वाटी पाणी आणि त्यात लोंबता ओला कपडा ठेवला असता तर कदाचित पाचही निघाली असती. हे दोष म्हणून सांगत नाही, पुढच्या वेळी उपयोगी पडेल.


गच्चीवरचा (पुणे), १६ एप्रिल, रात्री

हे वाचून मला इथे खाजायला लागलं. गच्चीवर चार कोंबड्या आहेत, कोंबडा नाही (सोसायटीच्या सभेत त्याच्या आरवण्यावर पाऊण तास चर्चा झाली होती, शेवटी तो मामाच्या गावी गेला). साहेब, हा किडा माणसाच्या अंगावर राहतो का? बायको विचारतेय. म्हणजे मीच विचारतोय.


जुना पशुधनवाला, १७ एप्रिल, सकाळी

राहत नाही. चावतो, खाज आणतो, पण माणसावर टिकत नाही. घरटं साफ केलं की आपोआप थांबतं.


पडवीतली, १७ एप्रिल, रात्री ११:४०

दादा, तुमच्या पाया पडायला हवं.

साडेदहाला गेले. ह्यांना टॉर्च धरायला लावलं, सासूबाई उंबऱ्यावर. जुन्या धोतराचं पांढरं फडकं टोपलीच्या काठाखाली दाबून एकदाच ओढलं. बारीक लाल रेघा आणि ठिपके. आयुष्यभर खतावणीत आकड्यांपुढे लाल टिका केल्या, तशाच कुणीतरी फडक्यावर केलेल्या. मग टोपली उलटी केली. बांबूच्या दोन पट्ट्या एकमेकींवरून जातात त्या जागी करडी पूड साचल्यासारखी दिसत होती, जुन्या लाकडातला भुसा असतो तशी. टॉर्च जवळ नेला आणि ती पूड हलली. ह्यांच्या हातातला टॉर्चही हलला.

खुराड्याच्या दांडीखाली कमी होते, पण होते. शेवंती टोपली सोडून खुराड्यात निजायला गेली, तेव्हा तिच्याबरोबर गेले असणार. तिला उचलून शेपटीखाली पाहिलं, तिथे काही नव्हतं. म्हणजे तुम्ही म्हणता ती पहिली जात.

सासूबाईंनी सगळं पाहिलं. म्हणाल्या, "ह्यां आमच्या वेळाक पण होतां." मग तेव्हा का नाही सांगितलंत, असं विचारायचं तोंडावर आलं होतं. गिळलं.

आता दोन अडचणी. पहिली, पुढे काय करू ते नीट क्रमाने सांगा. दुसरी मोठी आहे. टोपली काकींची. परत द्यायची कशी आणि सांगायचं काय?


खळ्यावरची (संगमेश्वर), १८ एप्रिल

पडवीतली, मी गेली चाळीस वर्षं कोंबड्या पाळते आहे. साहेब औषध सांगतीलच, पण औषधाआधीचं मी सांगते.

टोपली जाळ. बांबूची टोपली धुऊन साफ होत नाही, वीण फार असते. आतलं गवत, राख सगळं तिच्यासकट. अंगणात नको, लांब खळ्याच्या कडेला. आणि टोपली नेताना पोत्यात घालून ने, नाहीतर वाटभर सांडतील.

खुराडं रिकामं कर. दांड्या सुटतात का बघ, सुटत असतील तर काढून उन्हात टाक. मग उकळतं पाणी. कोमट नाही, गरम नाही, चुलीवरून उतरवलेलं उकळतं, फटीफटीत ओत. सुकलं की सुक्या झावळीची चूड पेटवून लाकडाच्या सांध्यांवरून आणि खिळ्यांवरून फिरव. लाकूड जळेल इतकी धरायची नाही, पापड भाजतो तशी हलवत राहायची. हातात पाण्याची बादली पाहिजेच. मग चुन्यात थोडं मीठ घालून दाट कालव आणि आतून-बाहेरून दोन हात दे, फटी बुजतील इतका.

आणि हे सगळं सात-आठ दिवसांनी पुन्हा. पुष्कळ जण एकदाच करतात आणि म्हणतात गुण आला नाही. किड्याची अंडी वाचलेली असतात, ती फुटतात.

कोंबड्यांना लोळायला चुलीची चाळलेली राख आणि कोरडी माती, पाऊस लागणार नाही अशा जागी. आमच्याकडे खुडकीच्या खाली निर्गुडीचा पाला घालतात, किडा कमी राहतो असा माझा अनुभव.

पिल्लांचं. तीन पिल्लं बल्बखाली वाढवू नकोस, जीव टांगणीला लागतो. वाडीत कुणाची कोंबडी याच दोन-चार दिवसांत पिल्लं घेऊन उठली आहे का विचार. असेल तर रात्री अंधारात जा, तिच्या पंखाखाली एकेक सरकव आणि तिथून निघ. बोलायचं नाही, टॉर्च मारायचा नाही. पहाटे तिला मोजता येत नाही. पण उशीर करू नकोस, पिल्लं आठवड्याची झाली की ती तिला ओळखत नाहीत आणि ती त्यांना.

काकींचं काय ते तुझं तू बघ. टोपलीवरून वाडीत बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय.


जुना पशुधनवाला, १८ एप्रिल

वहिनींनी सांगितलं त्यात मला फार थोडं घालायचंय.

कुणी रॉकेल लावायला सांगितलं तर चूड आधी, रॉकेल नंतर, आणि तेही दुसऱ्या दिवशी. उलटं केलंत तर खुराडं आणि पडवी दोन्ही जातील. मी हे होताना पाहिलंय. फवारणीची औषधं दुकानात मिळतात, पण पिकावरचं औषध कोंबडीवर मारू नका. जनावरांचं औषध असलं तरी प्रमाण दवाखान्यात विचारूनच घ्या, आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत तेही विचारा. एवढ्या लहान खुराड्याला उकळतं पाणी आणि चुना बहुधा पुरतो.

शेवंतीचं रक्त गेलंय. पंधरा दिवस बाकीच्यांपेक्षा बरं खायला द्या. नुसती कणी नको. मूठभर सुकट कुटून, थोडी शेंगपेंड, हिरवा पाला. वाळवी मिळत असेल तर उत्तमच.

पिल्लं दत्तक जाईपर्यंत बल्ब राहू द्या. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास लागतं, पण थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडं बघा. बल्बखाली एकमेकांवर चढली तर गारठलीत, कडेला जाऊन चोच उघडी टाकली तर तापलीत, इकडेतिकडे पसरून निजली तर ठीक. पाणी बशीत, बशीत खडे. तीनच पिल्लं आहेत, त्यातलं एक बशीत बुडून गेलं तर वाईट वाटेल.

आणि पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा. मानमोडीची लस. डोळ्यात एक थेंब. इथंच गावठी पाळणाऱ्यांची गोची होते, कारण आमच्याकडं मिळते ती बाटली शंभर डोसची असते आणि घरात पिल्लं तीन. म्हणून लोक देतच नाहीत. मग एखाद्या वर्षी मानमोडी येते, कोंबड्या माना वाकड्या करून फिरतात आणि आठ दिवसांत वाडी रिकामी. उपाय सोपा आहे. एक दिवस ठरवा, सगळ्या घरांची लहान पिल्लं एका पडवीत गोळा करा. मोठ्या पिल्लांना आधी दिली असली तरी साधारण चौथ्या आठवड्यात पुन्हा द्यावी लागते, तीही त्यात येतील. लस बर्फातच आणायची, सकाळी लवकर कालवायची आणि दोन तासांच्या आत संपवायची. उरलेली फ्रिजमध्ये ठेवून उद्या वापरायची नाही, ती मेलेली असते. आजारी दिसणाऱ्या पिल्लाला त्या दिवशी देऊ नका.


मशीनवाला, १८ एप्रिल

साहेब, खोटं बोलत नाही, रात्री माझ्या शेडमध्ये फडकं फिरवलं. लाल.


डालगं, १९ एप्रिल

माझं फडकं पांढरं निघालं. पण धामण मात्र खरंच सापडली, सरपणात. म्हणजे मी अगदीच चूक नव्हतो.


पडवीतली, २३ एप्रिल

तुकड्यातुकड्यांत लिहिते, आंब्याची गडबड आहे.

टोपली जाळली. जळताना जे तडतडलं ते बांबू होता असं मी मनाला सांगितलं. खुराड्याला उकळत्या पाण्याचे सहा हंडे लागले, चूड ह्यांनी फिरवली, चुना मी लावला. २५ ला पुन्हा करणार, वहीत लिहिलंय.

खालच्या वाडीतल्या वहिनींची काळी कोंबडी १५ तारखेला सात पिल्लं घेऊन उठली होती. १८ च्या रात्री गेले. दोन पिल्लं पंखाखाली अशी गेली की जणू तिथलीच. तिसरं ओरडत बाहेर आलं आणि सरळ माझ्या पावलावर येऊन बसलं. बल्बखाली मीच दिसायचे ना त्याला. परत घेऊन आले. १९ च्या रात्री पुन्हा नेलं आणि वहिनींनी दहा मिनिटं वर डालगं घालून अंधार केला, तेव्हा राहिलं. सकाळी काळी दहा पिल्लं घेऊन परड्यात हिंडत होती. तिने काही मोजलं नाही.

लसही झाली. दुकानदाराने बाटली नुसत्या कागदी पिशवीत घालून हातात दिली, "बर्फ लागत नाही" म्हणाला. घेतली नाही. दुसऱ्या दिवशी घरून स्टीलच्या डब्यात बर्फ नेला आणि दुसरीकडून आणली. २१ ला सकाळी साडेसहाला पाच घरांची ४१ पिल्लं आमच्या पडवीत. प्रत्येक घराच्या पिल्लांना पायात वेगळ्या रंगाचा दोरा, नाहीतर संध्याकाळी कुरुक्षेत्र झालं असतं. ५९ डोस वाया गेले, त्याची खंत माझ्यातल्या हिशेबनिसाला आहेच. पुढच्या खेपेला वरच्या वाडीलाही बोलावणार.

काकींना मी घाबरून "टोपली उंदरांनी कुरतडली" सांगितलं आणि बाजारातून नवी आणून दिली. नवी बघून त्या खूश. पण त्यांच्या खुराड्यातही हे असणारच, आणि तसं सांगितल्याशिवाय आमच्याकडचं जाणार नाही, कारण कोंबड्या कुंपण मानत नाहीत. शेवटी लसीच्या दिवशी सगळ्यांसमोर मी माझंच फडकं दाखवलं, माझ्या खुराड्यातलं. कुणाचं नाव घेतलं नाही. काकींनी ते फडकं हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागच्या दारी चुन्याचा वास होता.


खळ्यावरची, २३ एप्रिल

शहाणी आहेस.


पडवीतली, १ जून

धागा वर काढते, कारण शेवंतीची विचारपूस करणारे तीन निरोप आले.

तुरा मेच्या पहिल्या आठवड्यात लाल झाला. ६ मेपासून अंडी सुरू, एकूण १२ घातली आणि २८ ला पुन्हा खुडूक. खरं तर मला आता बसवायची नव्हती. पिल्लं भर पावसात निघणार, म्हणजे ओल, रक्ती हगवण, सगळंच. पण ती उठेचना. दोनदा काढून बाहेर ठेवली, दोनदा रिकाम्या जागेवर जाऊन बसली. शेवटी काल नऊच अंडी ठेवली. आंब्याची पेटी आता मोकळी आहे, उकळत्या पाण्यातून काढून चार दिवस उन्हात टाकली होती. दर तिसऱ्या रात्री फडकं फिरवायचं, वहीत रकाना केला आहे. पिल्लांसाठी पडवीत विटांवर फळ्या टाकून कोरडी जागाही केली.

दत्तक गेलेल्या तिघांतलं एक कावळ्याने नेलं. दोघं आहेत. एक कोंबडा होणार असं सासूबाईंचं मत, तुऱ्यावरून. जे माझ्या पावलावर बसलं होतं तेच. अजूनही वहिनींकडे गेले की पायात येतं.

लोखंडाचा खिळा सासूबाईंनी पेटीत ठेवलाच. मी काढला नाही. फक्त आधी चुलीत लाल होईपर्यंत भाजून घेतला, फटीत काही असेल म्हणून.